मदत हवी आहे: ऑफरोड बाइक ट्रेनिंगला जायच्या आधी काय तयारी करू? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर पुण्याजवळ दोन दिवसांचं ऑफरोड ट्रेनिंग आहे, त्यात नाव घातलंय. पैसे भरून झालेत, तेव्हा 'जाऊ की नको' हा प्रश्नच नाही.

माझं काम ठिबकच्या सर्व्हिसचं. मंगळवेढा, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर अशी कायम फिरती. डांबर संपलं की पाणंद, पाणंद संपली की बांध. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, भावाची, आता माझ्याकडे. उन्हाळ्यात काही वाटत नाही. पण परतीचा पाऊस पडून गेला की मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पुढच्या मडगार्डमध्ये चिखल असा ठासून बसतो की चाक फिरायचंच थांबतं. काडी शोधा, कोरा, चार पावलं जा, परत कोरा. शेतकरी बांधावरून सांगतात, "मॅडम, गाडी राहू द्या तिथंच, चालत या." त्यांचं बरोबरच असतं म्हणा.

आता शंका. माझी उंची पाच फूट दोन इंच, सीट ८०० मिमी, गाडी १९९ किलो. आडवी झाली तर एकटीनं उचलता येईल का? ट्रेनिंगला हीच न्यावी की तिथली हलकी गाडी भाड्यानं घ्यावी? पायात कंपनीचे सेफ्टी शूज आहेत, स्टीलच्या टोपाचे, ते चालतील का? आणि सोलापुरात सराव करायचा कुठं? नान्नजकडचं माळरान छान सपाट दिसतं.

जाणकारांनी सांगावं.

भीमाकाठ:
ताई, नान्नजचं आधी डोक्यातून काढा. ते माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. तिथं गाडी घालायची नाही. हिप्परग्याच्या तलावाकाठीही नको. वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली लोणी असतं. होटगी रोड, अक्कलकोट रोडला एनए प्लॉटिंगच्या मोकळ्या जागा आहेत, खाली मुरूम टाकलेला. मालकाला विचारून सकाळी लवकर जा, ऑक्टोबरचं ऊन नऊलाच चटका देतंय.

तिथं वेगाचं काही करू नका. पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर चालण्याइतक्या स्पीडनं आठचा आकडा काढत बसा. मग फुटरेस्टवर उभं राहून तेच. गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल, नजर चाकासमोर नको, पुढं वळायचंय तिकडं. हँडल आवळून धरलं की अर्ध्या तासात मनगटं भरून येतात.

गाडी उचलणं जमतं. इंजिन बंद, गिअर टाकलेला. उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. हँडल पूर्ण वळवून घ्या, गाडीकडं पाठ करून सीटच्या कडेला टेका, एका हातात हँडल, दुसऱ्यात मागचं कॅरिअर, आणि पायांच्या जोरावर मागं मागं सरकत जा. कंबरेनं ओढायला गेलात तर कंबरच आडवी होईल. ट्रेनिंगला टाकी अर्धीच भरा. १५ लिटरची आहे, तेवढंच पाच-साडेपाच किलो वरचं वजन कमी.

पंक्चरवाला_नाही:
सेफ्टी शूज नको. बोटं वाचतील, पण गाडी पायावर पडली की पिरगळतो तो घोटा. नडगीपर्यंतचे ऑफरोड बूटच घ्या. पैसे कमी असतील तर आधी बूट, मग नी गार्ड, जॅकेट शेवटी. त्यातही जाळीचंच घ्या, चामड्याचं आपल्याकडं फक्त खुंटीला शोभतं.

टायरला ट्यूब आहे हे लक्षात ठेवा. मातीत हवा २० पीएसआयपर्यंत उतरवतात, पण ट्यूबवर फार खाली गेलात तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते, नाहीतर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्हच उपटतो. डांबरावर यायच्या आधी परत पुढं २५, मागं ३२. पायपंप जवळ असू द्या. आरसे काढून जा. ब्रेक-क्लचच्या लिव्हरचे क्लॅम्प थोडे ढिले ठेवा, पडल्यावर लिव्हर फिरेल, मोडणार नाही. तुमची बीएस-६ असेल तर मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायचं बटण आहे, ते शोधून ठेवा.

आणि तुमचा चिखल कुठल्याच कोर्सनं हटणार नाही. काळ्या मातीला खालचं मडगार्ड काढून वरच बसवणं हाच इलाज. चांगला फॅब्रिकेशनवाला गाठा.

भीमाकाठ:
गाडी कुठली न्यायची ते राहिलंच. पहिल्या ट्रेनिंगला भाड्याची हिरोची एक्सपल्स घ्या. जवळपास चाळीस किलो हलकी आहे. सीट थोडी उंच, पण थांबताना एका बाजूला सरकून एकच पाय टेकायचा असतो, तो टेकेल. शिवाय अडीचशे किलोमीटर गाडी हाणत जाऊन वर दोन दिवस ट्रेनिंग, आणि परत तेवढंच? हुतात्मा एक्सप्रेसनं जा, झोपत या.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. हुतात्माचं तिकीट काढते. मडगार्डचं काम एमआयडीसीत कुणी नीट करत असेल तर सांगा. आणि बायकांच्या ३७ नंबरचे ऑफरोड बूट पुण्यात घालून बघायला मिळतात का? ऑनलाइन सगळे ४१ पासून पुढंच दिसताहेत.