मंडळाचं एक वर्ष: जाताना पुढच्याच्या हातात काय दिलंत?

जून आला की मला आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाचं पत्र्याचं कपाट आठवतं. आत दोन कंदील, खोट्या मिशांचा डबा, एक काळी छत्री, मेकअपची पेटी आणि लांबट हिशेबाची वही. पुण्यात टी.वाय.ला असताना मी वर्षभर मंडळाची सेक्रेटरी होते. किल्ली देताना आधीच्या सेक्रेटरीने एवढंच सांगितलं, "कुलूप जरा वर उचलून फिरव." तालमीला हॉल कुणाकडे मागायचा, बिलावर सह्या कुणाच्या, सेट न्यायला टेम्पो कुठून, हे सगळं आमचं आम्ही शोधलं.

म्हणून हा धागा. कॉलेजात किंवा विद्यापीठात ज्यांनी कुठलंही मंडळ वर्षभर चालवलं, त्यांनी लिहा. बक्षिसांची यादी नको. ते वर्ष कसं गेलं आणि निघताना पुढच्याच्या हातात काय दिलंत, ते सांगा. सुरुवात मी करते.

आमचं वर्ष पुरुषोत्तम करंडकाभोवती फिरायचं. महाराष्ट्रीय कलोपासक ही पुण्यातली संस्था ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून घेत आली आहे, आणि भरत नाट्य मंदिराबाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' ऐकलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत उभी होते. दोन प्रवेशांच्या मधे ब्लॅकआऊट. एफ.वाय.चा एक मुलगा अंधारात टेबल उचलून रेडियमच्या खुणेवर ठेवायचा. त्याचं काम एवढंच, आणि त्यासाठी तो पाच आठवडे रोज तालमीला आला होता. प्रयोग संपल्यावर आनंदाने त्याचा हात धरला तर तो तापाने फणफणलेला. पाच आठवडे मी लेखक-दिग्दर्शकाची भांडणं मिटवत होते. या मुलाला 'जेवलास का' म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. अंतिम फेरी हुकल्याचं दुःख दिवाळीपर्यंत विरलं. हे अजून टोचतं.

(2022 साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. बातमी वाचली तेव्हा मला आधी त्या वर्षीच्या सगळ्या कॉलेजांतली टेबलं उचलणारी मुलंच आठवली.)

मी जाताना वहीच्या पहिल्या पानावर बॅकस्टेजच्या सगळ्यांची नावं लिहिली, आणि कोण रात्री कितीची शेवटची बस पकडतं तेही.

वाङ्मय मंडळ, रत्नागिरी

आमचं काम छोटं. दर महिन्याला भित्तिपत्रक, आणि 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम. एकदा एका मुलीने बाबांच्या होडीवर कविता दिली. बाबा खलाशी. बोलीत लिहिलेली, आणि आमच्या संपादक मंडळाने ती 'शुद्ध' करून लावली. मीही हो म्हटलं होतं. ती फळ्यासमोर येऊन उभी राहिली, वाचली आणि काही न बोलता गेली. दुसऱ्या दिवशी मी टाचण्या काढून तो कागद उतरवला आणि मूळ कविता स्वतःच्या हाताने लिहून लावली. तिने परत कधी काही दिलं नाही. पुढच्या सेक्रेटरीला ती मूळ प्रत दिली, कारणासकट.

जीएस (विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी), मुंबई, 1992-93

मी सांगतोय ते जुनं आहे. तेव्हा कॉलेजात निवडणुका होत. 1994च्या विद्यापीठ कायद्याने त्या बंद झाल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमू लागले. मी निवडून आलो ते 'गॅदरिंग दणक्यात करू' या एका वाक्यावर. डिसेंबरात दंगल झाली, जानेवारीत पुन्हा. गॅदरिंग रद्द.

कॉलेज उघडल्यावर वर्गातली बाकं रिकामी दिसायला लागली. आम्ही चौघांनी हजेरीपटावरून नावं उतरवून घेतली आणि एकेकाला शोधायला निघालो. घरी फोन असेल तर पीसीओवरून, नसेल तर शेजारी, कोपऱ्यावरचा वाणी, मशिदीजवळचा बेकरीवाला. सापडला की नावापुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. 12 मार्चला बॉम्बस्फोट झाले तेव्हा त्याच यादीतली मुलं माझ्याबरोबर रक्त द्यायला रांगेत होती, दोन्ही समाजांची. जीएस म्हणून केलेलं एक काम सांगा म्हटलं तर मी हेच सांगेन.

चार नावांपुढे खूण झालीच नाही. त्यांची बिऱ्हाडं हलली होती, दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. नव्या जीएसला मी रबरी शिक्का, लेटरहेड, उरलेले पैसे सगळं दिलं. ती यादी दिली नाही. ती माझ्याजवळ आहे.

भारतीय विद्यार्थी मंडळ, जर्मनी

मी पिंपरीचा, तिकडे एम.एस.ला होतो. तिथे संस्था रीतसर नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात. गणपती बसवायला उत्साही माणसं मिळतात, खजिनदार व्हायला कुणी तयार नसतं. तरी सात जण झाले.

मला अध्यक्ष म्हणून वाटत होतं की गणेशोत्सव हेच वर्षातलं मोठं काम. शाडूची मूर्ती, बादलीत विसर्जन, उकडीचे मोदक, सगळं छान झालं. पण हिवाळी सत्र सुरू होतं ऑक्टोबरात. मुलं येतात तेव्हा उत्सव होऊन गेलेला असतो आणि त्यांच्याकडे राहायला जागा नसते. राहत्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद हवा, आणि घरच नाही तर कागद कुठला! त्या महिन्यात माझ्या खोलीत एका वेळी तीन-तीन जण झोपले. साताऱ्याची एक मुलगी रेल्वे स्टेशनवरून फोन करून म्हणाली, "दादा, मंडळाचा नंबर म्हणून हा दिलाय." तिला घ्यायला जाताना मला पहिल्यांदा कळलं की मंडळ म्हणजे आपला फोन नंबर.

पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांकडे गणपतीचं मखर गेलं, तीन गाद्या गेल्या आणि एक पाच लिटरचा कुकर.

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), अमरावती जिल्हा

वर्षाचे 120 तास, दोन वर्षांचे 240, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. मी विद्यार्थी प्रतिनिधी होते. प्रभातफेरी, श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शेकोटी, हे सगळ्यांना माहीत असतं.

आमच्या शिबिरात न्हाणीघराला दार नव्हतं. दोन मुली तिसऱ्या दिवशी घरी जायला निघाल्या आणि मी त्यांना 'शिबिर म्हणजे तडजोड' असं समजावत बसले. ते फार चुकलं माझं. सरपंचबाईंना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या घरची मोरी उघडून दिली, पंधराच्या पंधरा जणींना. मी पहिल्या दिवशीच विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी मिळाली असती.

काम होतं वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरायची, दाभणाने सुतळी ओवून तोंड शिवायचं आणि नाल्यात पिशव्या विटांसारख्या सांधेमोड रचायच्या. जागा रस्त्याजवळची ठरली होती, शंभरेक पिशव्या तिथे नेऊनही झाल्या. एक आजोबा बकऱ्या घेऊन रोज काठावर उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पोट्टेहो, इथं रेती हाये. पानी खालून निंगून जाईन." मुलं वैतागली. हातांना फोड आलेले, परत उचलायचं कोण? पीओ (कार्यक्रम अधिकारी) सर म्हणाले, "तू ठरव." मी नाल्यात उतरून पाय रोवला तर घोट्यापर्यंत आत गेला. आम्ही सगळ्या पिशव्या उचलल्या आणि आजोबांनी दाखवलेल्या वळणावर नेल्या, जिथे खाली मुरूम लागत होता. पहिली पिशवी मी उचलली, कारण दुसरं कुणी उचलत नव्हतं.

फेब्रुवारीत जाऊन पाहिलं. गुडघाभर पाणी होतं आणि आजोबांच्या बकऱ्या पीत होत्या.

वर्ष संपताना मी पुढच्या प्रतिनिधीला फाईल दिली, पहिल्याच पानावर 'आधी न्हाणीघर बघा' लिहिलं आणि त्याला आजोबांकडे घेऊन गेले. आजोबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "हा पोट्टा आयकते काय?"