शब्दचर्चा: सर्व्हर चित्र 'परत करतो' म्हणजे नेमकं काय करतो?

बेदाणे_आणि_बिट्स
सांगलीतल्या एका अडत दुकानासाठी छोटी वेब सेवा लिहिली आहे. हळदीचा सौदा झाला की दिवाणजी वजन, दर, हमाली, तोलाई भरतात आणि सर्व्हर त्या हिशेबपट्टीचं चित्र बनवतो. शेतकऱ्याने फोनवर बटण दाबलं की ते चित्र पीएनजी फाइल म्हणून उतरतं. पीडीएफ मुद्दाम टाळलं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र न उघडताही दिसतं.

मालकांना सेवेची माहिती मराठीतच हवी. मी लिहिलं, "सेवा तयार केलेले चित्र फाइल म्हणून परत करते." मालक म्हणाले, "परत? आपण त्याला कधी उसनं दिलं होतं?" मला उत्तर सुचलं नाही. प्रोग्रामिंगमधल्या 'रिटर्न'ला तुम्ही काय म्हणता? आणि जाता जाता, बटणावर 'डाउनलोड करा' बरं की 'उतरवून घ्या'?

वाईचे_मास्तर
मालकांचं बरोबर आहे. मराठीत पाहुणे परततात, भाजी परततात, घेतलेलं परत करतात. इथे सर्व्हरने आपलं काही घेतलेलंच नाही, चित्र त्याने स्वतः काढलं. 'सेवा चित्र देते' एवढं पुरे. बटणासाठी 'अवतरण' हा नेमका शब्द आहे. अव + तॄ, खाली येणे. 'उतरणे'ही त्यातूनच आलं.

गाळा_नंबर
मास्तर, अवतरण देवाचं हुतंय. हळदीच्या पट्टीचं कसं व्हईल? आमच्या यार्डात 'अवतरण करा' लिहिलं तर लोक नारळ घेऊन येतील की ओ.

उत्तरपक्ष
'उतरणे' अव-तॄ मधून नाही, उत्-तॄ मधून. 'उत्तरणे' म्हणजे पार होणे. नदी उतरून जाणे आठवा. मास्तर दर वेळी व्युत्पत्ती आपल्या सोयीने वळवतात.

वाईचे_मास्तर
घोड्यावरून उतरतात तेव्हा कोणती नदी पार करतात?

हेडरवाला
व्युत्पत्तीच्या आधी यंत्र काय करतं ते बघू या. सर्व्हर चित्राचे बाइट्स पाठवतो आणि सोबत हेडर, म्हणजे ब्राउझरसाठी सूचनांच्या ओळी, जोडतो. कंटेंट-टाइप सांगतो की हे पीएनजी आहे. कंटेंट-डिस्पोझिशन सांगतो की याचं करायचं काय. त्यात 'इनलाइन' असेल तर ब्राउझर चित्र तिथेच दाखवतो, 'अटॅचमेंट' असेल तर फाइल म्हणून ठेवायला घेतो. दोन्ही वेळा बाइट्स तेच असतात, वर लिहिलेली सूचना तेवढी बदलते. म्हणून 'देते' हा शब्द अपुरा आहे, कारण दाखवायला देते की ठेवायला देते तेच त्यातून कळत नाही.

तलाठी_सज्जा
मग हा फरक आपल्याकडे आधीपासून आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा फुकट बघता येतो, पण तो फक्त माहितीपुरता, बँकेत चालत नाही. कर्जाला डिजिटल सहीचा लागतो, तो १५ रुपये भरून घ्यायचा. लोक सरळ म्हणतात, "सातबारा बघितला, पण उतारा काढला नाही." बघणे म्हणजे इनलाइन आणि उतारा काढणे म्हणजे अटॅचमेंट. बटणावर 'पट्टीचा उतारा काढा' लिहून टाका.

ऊसतोड_नंतर
आमच्याकडे 'उतारा' म्हटलं की आधी साखर आठवते. एक टन उसातून ११५ किलो साखर निघाली तर उतारा साडेअकरा टक्के. हळदीच्या पट्टीवर 'उतारा' वाचून एखादा म्हातारा विचारेल, एकरी का टक्क्यांत?

गाळा_नंबर
आणि तिठ्यावर लिंबू-भात ठेवत्यात तो बी उताराच. बटण दाबायच्या आधी इकडंतिकडं बघावं लागंल.

कडेगाव_कन्या
'उतरवून घ्या'चा अनुभव सांगते. भावाच्या दुकानात संगणकाच्या पडद्यावर पट्टी दाखवून मुलगा म्हणाला, "काका, उतरवून घ्या." काकांनी खिशातून डायरी काढली आणि आकडे लिहून घ्यायला लागले. त्यांचं काहीच चुकलं नाही. फळ्यावरचं उतरवून घ्या, हेच आपण शाळेत ऐकलं. मला तर 'डाउनलोड'च बरं वाटतं. फाइल ज्या फोल्डरमध्ये जाते त्याचं नावही तेच असतं, निदान शोधताना सापडेल.

वाईचे_मास्तर
म्हणजे फोन बनवणाऱ्याने फोल्डरला जे नाव दिलं ती आपली भाषा? 'दिनांक' आणि 'महापौर' या शब्दांनाही सुरुवातीला लोक हसलेच होते. सावरकरांनी ते रुजवले आणि आज त्यावाचून अडतं.

हिशेबनीस
दिनांक रुजला, पण तारीख कुठे गेली? कोर्टात अजून तारीखच पडते. शुद्धीच करायची तर या पट्टीपासून करा. 'हिशेब' अरबी, 'हमाली'तला हमाल अरबी, 'वजन' अरबी, 'रक्कम' अरबी, आणि ज्या 'दुकाना'त बसून हे चाललंय तोही शब्द तिकडचाच. सगळं गाळून झाल्यावर पट्टीवर आपली म्हणून हळद तेवढी उरेल, हरिद्रेची लेक.

उत्तरपक्ष
रघुनाथपंतांच्या शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचं कामच ते होतं, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणं. तरी हमाल हमालच राहिला. राजाश्रय असूनही जे झालं नाही ते एका बटणाने होईल?

बेदाणे_आणि_बिट्स
मंडळी, आणखी एक अडचण निघाली. फाइलला 'हळद पट्टी' असं नाव दिलं तर काही फोनवर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

हेडरवाला
कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये फाइलचं नाव 'फाइलनेम' म्हणून जातं, त्या साध्या 'फाइलनेम'मध्ये देवनागरी घालू नका, ती भरवशाने पोचत नाही. त्याच्या शेजारी तारांकित 'फाइलनेम' (शेवटी * असलेलं) द्या. २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात त्याची सोय आहे. नाव यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या बाइट्समध्ये लिहायची पद्धत), टक्केचिन्हांनी लिहायचं. देवनागरीच्या एकेका अक्षरखुणेचे ३ बाइट, आणि दर बाइटला टक्केचिन्ह धरून ३ चिन्हं, म्हणजे नुसत्या 'हळद'ला २७. जुन्या ब्राउझरसाठी साधं रोमन नावही राहू द्या. आणि चित्रात अक्षरं काढणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, देवनागरीची नीट जुळणी करते ना ते तपासा, नाहीतर 'हिशेब'मधली वेलांटी 'ह'च्या पुढे जाऊन बसेल.

गाळा_नंबर
हळदीला २७? आमच्या हमालीपेक्षा महाग पडलं.

हरिपूरचा
हळदीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत. पेव उघडलं की आधी आत कंदील सोडायचा. तो विझला तर हवा खराब, माणूस उतरवायचा नाही. मग हळद उपसून वर काढायची. सर्व्हरच्या पोटातून फाइल बाहेर येते तिला 'उपसणे' हेच क्रियापद शोभेल. 'पट्टी उपसून घ्या'. २००५ च्या पुराने बरीच पेवं गेली, निदान शब्द तरी वापरात राहील.

कडेगाव_कन्या
उपसणे म्हणजे सगळं रिकामं करणे. विहीर उपसतात. फाइल तर सर्व्हरवर तशीच राहते.

बेदाणे_आणि_बिट्स
आमची राहत नाही. मागितली की चित्र मेमरीत तयार होतं, पाठवलं की संपलं. डिस्कवर काहीच ठेवत नाही.

हरिपूरचा
मग उपसणेच!

तलाठी_सज्जा
पेवावरून एक शंका. 'क्लासेसचं पेव फुटलंय' म्हणतात ते यातलंच का? पेव फुटलं तर नुकसान व्हायला हवं. मग अर्थ 'सुळसुळाट' असा कसा झाला?

उत्तरपक्ष
साठवलेलं एकदम बाहेर पडतं म्हणून. त्यात नुकसानीचा संबंध नाही.

वाईचे_मास्तर
संबंध आहे. चांगल्या गोष्टीचं पेव फुटलेलं कधी ऐकलंय? खासगी शाळांचं फुटतं, बुवांचं फुटतं, ग्रंथालयांचं नाही फुटत.

ऊसतोड_नंतर
आमच्या तालुक्यात पतसंस्थांचं फुटलं होतं, तेव्हा तर सगळे आनंदात होते. मास्तर, 'पेव' नपुंसकलिंगी का पुल्लिंगी? घरी आजी 'तो पेव' म्हणायची.

हरिपूरचा
ते पेव. आजी कुठल्या?