मदत हवी आहे : पृथ्वीचं वय भाचीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. भाची आठवीत आहे. जोत्याचा काळा दगड दाखवून तिला म्हटलं, हा माळव्याचा बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तिने लगेच विचारलं, "मावशी, मग पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची हे कसं मोजलं?"

युरेनियम-२३८ या किरणोत्सारी धातूचे अणू आपोआप फुटत जाऊन त्याचं हळूहळू शिसं होतं, सुमारे ४४७ कोटी वर्षांत निम्मं उरतं. १९५६मध्ये क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पृथ्वीसोबतच घडलेल्या उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढलं, इथवर सांगितलं. पण कोणता अणू कधी फुटेल हे ठरलेलं नसताना एकूण हिशेब इतका नेमका कसा, यावर ती अडून बसलीय. आणि मला तिचा प्रश्न फार आवडलाय, थातुरमातुर उत्तर द्यायचं नाहीये.

घरच्या घरी करता येईल असा प्रयोग कुणी सुचवाल का? मराठीतून सांगितलंत तर आजीही ऐकायला बसणार आहे.