रेल्वे फाटक सुरक्षित झालं, हे ठरवायचं कशावरून?

निरीक्षक:
अपघात होतो, ओरड होते, दांडे-दिवे बसतात. पुढची दोन वर्षं काही घडत नाही आणि उपाय यशस्वी ठरतो. हा हिशेब मला पटत नाही. एका फाटकावर अपघात मुळातच विरळा. काही केलं नसतं तरी ती दोन वर्षं बहुधा कोरडीच गेली असती. कॅमेरा लावा आणि मोजा: लाल दिव्यानंतर किती वाहनं घुसली, किती जण दांड्याला वळसा घालून गेले, शेवटचं वाहन रुळांवरून हटल्यावर ट्रेन किती सेकंदांनी आली. उपायाआधी, उपायानंतर, आणि हात न लावलेल्या दुसऱ्या फाटकावरही.

रोखठोक:
बसा मोजत! लोक बेशिस्त आहेत. दंड लावा, नाहीतर पूल बांधा. फाटकच नसलं की प्रश्न मिटला.

पाटीवाला:
सगळं बेशिस्तीवर ढकलू नका. १९६८, इंग्लंडमधलं हिक्सन. १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर नेणारा ट्रेलर, सोबत पोलिसांची गाडी, स्वयंचलित अर्धं फाटक, म्हणजे दांडा रस्त्याची अर्धीच बाजू अडवतो. इशारा सुरू झाल्यापासून ट्रेन यायला २४ सेकंद. ट्रेलरला ते पुरेनात. ११ जण गेले. वळसा कुणीच घातला नव्हता. अवजड वाहन नेण्याआधी सिग्नलमनला फोन करायचा होता, तो झाला नाही. आणि मोठी वस्तू डोळ्याला संथ भासते, त्यामुळे येणाऱ्या इंजिनाचा वेग माणूस कमी धरतो. हीसुद्धा बेशिस्तच का?

रोखठोक:
हिक्सन अपवाद. रोज वळसे घालणारे दुचाकीवाले काय ट्रान्सफॉर्मर नेतात?

आकडेमोड:
निरीक्षक, आक्षेप तुमच्या मोजणीवरही आहे. फाटक फार वेळ बंद राहतं तिथे घुसखोरी भरपूर, पण ट्रेन संथ असेल तर जीव वाचतो. वेगाच्या मार्गावर एखादाच चुकतो, आणि वाचत नाही. घुसखोरी निम्मी झाली म्हणजे मृत्यूही निम्मे, हे गृहीत कसं धरता?

निरीक्षक:
धरत नाही, म्हणून तर सेकंद मोजायचे. चाळीस सेकंद आधीचा वळसा वेगळा, चार सेकंद आधीचा वेगळा. शिवाय उपाय नवा धोका आणतो. रस्ता पूर्ण अडवणाऱ्या दांड्यांनी वळसे थांबतात, पण वाहन आत कोंडू शकतं. म्हणून बाहेर पडायच्या बाजूचे दांडे उशिरा पाडतात, रुळांवरचा अडथळा ओळखायला रडार लावतात. दोन कोरड्या वर्षांत यातलं काय दिसणार? पूल बांधाच, पण आधी कुठे?

रोखठोक:
सोपं आहे. रोजची वाहनं गुणिले रोजच्या ट्रेन. यादी तयार.

पाटीवाला:
त्या गुणाकारात पायी चालणारे कुठे आहेत? एक ट्रेन गेली की फाटक बंद असतानाच ते निघतात, आणि दुसऱ्या रुळावरची ट्रेन पहिलीच्या आडून येते.