मदत हवी आहे: एअरटेबलमध्ये गावाचा कॉलम सिलेक्ट करू की लिंक?

गोव्यात माशेलला आमची गणपतींची चित्रशाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना आहे. चवथीच्या ऑर्डरी दोन वर्षं एअरटेबल या ऑनलाइन डेटाबेसमध्ये टाकतोय, फुकटच्या प्लॅनवर. सुरुवातीला घाईत फोन सोडून सगळे कॉलम साध्या टेक्स्टचे ठेवले, ते आता निस्तरतोय.

बेसची, म्हणजे टेबलं असलेल्या आख्ख्या फाइलची, कॉपी काढून प्रयोग केले. उंची नंबर केली तर '18 इंच'चे 18 उरले, पण 'दीड फूट' लिहिलेले रकाने रिकामे झाले. ते हाताने भरेन, थोडेच आहेत. फोनचा कॉलम फोनच्याच प्रकारात ठेवलाय, त्याला हात लावणार नाही.

खरी अडचण गावाची. एकच गाव कुणी माशेल लिहिलंय, कुणी मार्सेल. सिंगल सिलेक्ट (यादीतून एकच पर्याय निवडायचा प्रकार) केलं की प्रत्येक स्पेलिंगचा वेगळा पर्याय होतो. दुसऱ्या टेबलाला लिंक केलं तर प्रत्येकाची वेगळी नोंद. शिवाय तीच घरं दरवर्षी आमच्याकडेच मूर्तीसाठी पाट आणून देतात, त्यामुळे गिऱ्हाइकांचं टेबल वेगळं करायचंच आहे. म्हणजे गाव ऑर्डरीत नको, गिऱ्हाइकाच्या नोंदीत हवं, असं मला वाटतं.

सध्या सुमारे 600 नोंदी आहेत आणि बेसची मर्यादा 1,000. गिऱ्हाइकांच्या नोंदीही त्यातच मोजल्या जाणार. पैसे भरायची तयारी नाही, आणि भाऊ मोबाइलवरच्या फॉर्ममधून ऑर्डर घेतो, तेव्हा त्याला टाइप करावं लागू नये.

तर गावासाठी सिंगल सिलेक्ट पुरे की गावांचं तिसरं टेबल हवंच? आणि स्पेलिंगं आधी टेक्स्टमध्येच एकसारखी करून मग प्रकार बदलू, की बदलल्यावर एकत्र करणं सोपं जाईल?