‘अ‍ॅक्ट ९१’ची नोटीस आली आहे, फिलाडेल्फियातले घर वाचवण्यासाठी आधी काय करावे?

प्रश्न : ईशान्य_फिली

यजमानांची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली. माझ्या अर्धवेळ पगारात किराणा आणि विमा कसाबसा भागतो, पण गृहकर्जाचे तीन हप्ते थकले आहेत. हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडून ‘अ‍ॅक्ट ९१’ असा उल्लेख असलेले एक जाडजूड पाकीट आले आहे आणि ते पूर्ण वाचण्याचा धीर आम्हां दोघांनाही झालेला नाही. साताऱ्याला सांगण्याचीही पंचाईत आहे, कारण इकडे ‘फोरक्लोजर’ म्हणजे थकलेल्या कर्जापायी घराची जप्ती, तर तिकडे बँकेत ‘फोरक्लोजर’ म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून मोकळे होणे, त्यामुळे सासऱ्यांनी तो शब्द ऐकून आमचे अभिनंदनच केले! यजमानांच्या नावावरचा पुण्यातला फ्लॅट घाईने विकून थकबाकी भरावी का? शिवाय एका कंपनीचा फोन आला होता. दीड हजार डॉलर आगाऊ भरल्यास जप्ती थांबवून देऊ, असे त्यांचे म्हणणे आहे.

प्रतिसाद : जुना_पेनकर

ताई, ते पाकीट आजच उघडा. ज्या पत्राची तुम्हांला धास्ती वाटते, मदतीचा रस्ता त्याच पत्रात लिहिलेला असतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम पेनसिल्व्हेनियातले पोलादाचे कारखाने बंद पडू लागले, हजारो कामगारांची घरे धोक्यात आली आणि १९८३ साली राज्याने ‘अ‍ॅक्ट ९१’ हा कायदा केला. त्यातून ‘हेमॅप’ ही संकटातल्या घरमालकांना गृहकर्जाच्या हप्त्यांसाठी मदत करणारी राज्याची योजना सुरू झाली. नोटिशीसोबत तुमच्या काउंटीतल्या मान्यताप्राप्त समुपदेशन संस्थांची यादी जोडलेली असते. नोटिशीच्या तारखेपासून ३३ दिवसांत त्यांपैकी एका संस्थेत जाऊन समक्ष भेटायचे आणि ‘हेमॅप’चा अर्जही तिच्यामार्फतच ठरलेल्या मुदतीत भरायचा. या मुदती पाळल्या, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत कंपनीला जप्तीची कारवाई पुढे नेता येत नाही.

आम्ही २०१४ साली यातून गेलो आहोत. ही खैरात नाही, घरावर दुय्यम तारण ठेवून राज्याने दिलेले कर्ज आहे आणि ते फेडावे लागते. संकट आपल्या हाताबाहेरचे होते आणि पुढे हप्ते पुन्हा नियमित भरता येतील, या दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात, म्हणून नोकरी गेल्याचे पत्र आणि यजमानांनी नव्या नोकरीसाठी केलेल्या अर्जांची नोंद सोबत न्या. मला स्वतःला त्या कार्यालयात शिरताना लाज वाटली होती. समोरच्या बाईंनी मात्र पहिल्या पाच मिनिटांत पगाराच्या पावत्या मागितल्या आणि लाजेला जागाच उरली नाही.

प्रतिसाद : कागदपत्री

वरील माहितीत एक भर घालतो. तुमचे कर्ज एफएचएच्या (केंद्र सरकारच्या गृहकर्ज-विमा संस्थेच्या) विम्याचे असेल, तर ‘हेमॅप’ मिळत नाही. मात्र त्या कर्जांत थकबाकी बिनव्याजी दुय्यम कर्जात बाजूला ठेवण्याची सोय आहे आणि त्यासाठी हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडेच अर्ज करावा लागतो. कर्ज कोणत्याही प्रकारचे असले तरी हप्त्यांना तात्पुरती स्थगिती किंवा कर्जाच्या अटींत बदल मागता येतो. स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे मात्र ध्यानात असू द्या. संघीय नियमानुसार कर्ज १२० दिवसांहून अधिक थकल्याशिवाय सहसा जप्तीचा दावा दाखल करता येत नाही, आणि लिलावाच्या ३७ दिवसांहून अधिक आधी अशा सवलतीचा परिपूर्ण अर्ज कंपनीकडे पोहोचला, तर त्याचा निर्णय होईपर्यंत लिलाव करता येत नाही. ‘परिपूर्ण’ या शब्दावर बरेच अर्ज अडकतात, म्हणून प्रत्येक कागदाची पोच घ्या.

दीड हजार मागणाऱ्यांना एक छदामही देऊ नका. कर्ज देणाऱ्याचा लेखी प्रस्ताव तुम्ही स्वीकारण्यापूर्वी अशा कंपन्यांनी शुल्क घेणे बेकायदा आहे आणि मान्यताप्राप्त समुपदेशक हे काम विनामूल्य करतात. २०२१ च्या केंद्रीय निधीतून चाललेल्या राज्याच्या मदत योजनेची पाने शोधताना समोर येतील. ती योजना नव्या अर्जांना बंद झाली आहे, तिथे वेळ घालवू नका. आणि प्रकरण कोर्टात गेलेच, तरी फिलाडेल्फियात २००८ पासून राहत्या घरांसाठी तडजोडीची बैठक घेण्याची पद्धत आहे. त्या तारखेला गैरहजर राहू नका.

प्रतिसाद : ईशान्य_फिली

मनापासून आभार. पाकीट उघडले. तारखेनुसार आज चौदावा दिवस आहे. आमचे कर्ज एफएचएचे नाही. शुक्रवारी भेट ठरली आहे. फ्लॅटचे तेवढे कळवा.

प्रतिसाद : जुना_पेनकर

फ्लॅटची विक्री घाईने करू नका, पण अर्जात तो लपवूही नका. अनिवासी विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराला आधी टीडीएस कापावा लागतो, नफा इकडच्या विवरणपत्रातही दाखवावा लागतो आणि पैसा प्रत्यक्ष हाती येईपर्यंत तुमचे उरलेले १९ दिवस सहज उलटून जातील. शुक्रवारी जाताना पाकिटासकट मूळ नोटीस न्या. त्यावरच्या तारखेवरून पुढचे दिवस मोजले जातात.