रात्री गार पडू लागल्या, भोपळे कधी उतरवायचे?

बांधावरची: दुपारी ऊन तापतं, पण पहाटे पारा ९-१० अंशांवर येतोय. लाल भोपळ्याच्या पानांवर भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) आहे, काही फळं अजून हिरवट आहेत. सगळे एकदम काढावेत की थांबावं? आणि साठवलेला भोपळा नेहमी देठाकडूनच का सडतो?

नांगरफाळ: सालीवर नख दाबून बघा. वण उमटला नाही, देठ सुकून बुचासारखा खरबरीत झाला आणि जमिनीला टेकलेली बाजू पांढरटाची पिवळी झाली, की फळ तयार. दव गोठायची वाट बघू नका. १० अंशांखालच्या गारठ्याचा मार साठत जातो. एखाद्या रात्रीने बिघडत नाही, आठवडाभराने बिघडतं. तोडताना काहीच दिसत नाही, साठवणीत मऊ डाग पडतात आणि तिथून बुरशी शिरते.

देठाचं म्हणाल तर कात्रीने ७ ते १० सेंमी देठ ठेवून कापा. पिळून तोडला की बुडाशी जखम होते, सड तिथूनच सुरू होते. देठाला धरून उचलणं हे तर अगदीच नको, हात खाली घाला.

भुईफोड: यात सुकवणं राहिलं, आणि घाईत लोक नेमकं तेच गाळतात. २७ ते २९ अंशांच्या उबेत, हवा खेळती ठेवून, साधारण १० दिवस. फळं एका थरात, एकमेकांना न टेकता. बाहेर ठेवलीत तर रात्री झाका. ओरखडे याच काळात भरून येतात. धुवू नका, चिकटलेली माती वाळल्यावर पुसा. एकॉर्न या छोट्या भोपळ्याच्या जातीला मात्र हे करू नका, ती उबेत लवकर खराब होते.

मग साठवण १० ते १३ अंशांवर, आर्द्रता ५० ते ७० टक्के. थेट फरशीवर नको, फळीवर. शेजारी सफरचंदं नकोत, त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने भोपळे लवकर खराब होतात.

बांधावरची: आणि हिरवट आहेत ते?

नांगरफाळ: पूर्ण वाढून रंग धरू लागलेले उबेत रंगतात, गोडी मात्र वेलीवरच्याइतकी येत नाही. कोवळे आणि देठ तुटलेले वेगळे काढा, आधी तेच संपवा. भुरीचे वेल उपटून वाफा मोकळा झाला की जमीन झाकायला लगेच ओट पेरा. कडाक्याच्या थंडीत तो आपोआप मरतो. राय (असंच झाकणीसाठी पेरलं जाणारं धान्य) मरत नाही, वसंतात कापून गाडावी लागते.